हॉकीतला चांगला बॅक ओळखायचा कसा? गोलांचा कागद काय सांगतो, काय सांगत नाही

शालेय हॉकीचा सामना संपला की टेबलावर एक कागद तयार होतो. निकाल काय लागला, गोल कुणी मारले, कार्ड कुणाला मिळालं, एवढं त्यावर लिहिलेलं असतं. आघाडीला खेळणाऱ्या मुलीनं तीन सामन्यांत पाच गोल मारले असतील, तर तिच्या नावापुढे पाचचा आकडा दिसतो. तिच्याच संघातली बॅक तिन्ही सामने पूर्ण वेळ खेळली आणि तिच्या बाजूनं समोरच्यांना धड एक हल्ला करता आला नाही, तरी तिच्या नावापुढची जागा कोरीच राहते. आणि कार्ड मिळालं असेल, तर फक्त तेवढंच दिसतं.

पुढं निवड करताना हाच कागद हाताशी असतो. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य अशी ही शिडी आहे. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, क्रीडा प्रबोधिनीतला प्रवेश आणि पुढं सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, या सगळ्याची सुरुवात या शिडीच्या खालच्या पायरीवर होते. तिथं एखादी बॅक मागे राहिली तर पुढचं सगळंच राहतं. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या फलटण तालुक्यानं वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ आणि अक्षता ढेकळे या मुली भारतीय हॉकीला दिल्या. त्यातली अक्षता बचावपटू आहे. म्हणजे खेड्यातली बॅकही भारताच्या संघापर्यंत जाते. फक्त तिला वेळेत कुणीतरी ओळखावं लागतं.

मग ओळखायचं कशावरून? आकड्यांवरून की सामना बघून? हा वाद हॉकी खेळणाऱ्या जगभरच्या देशांत आहे, आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं सापडतं.

बचावपटूच्या नावावर गोल, तेही दहा

पॅरिस ऑलिंपिकपासून सुरुवात करू. 2024 च्या या स्पर्धेत भारतीय पुरुष संघानं कांस्यपदक घेतलं. सगळ्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोल कुणाचे? भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग, 10 गोल. आणि हरमनप्रीत खेळतो कुठं? बचावफळीत.

हे 10 गोल कसे झाले ते बघितलं की गंमत कळते. 7 पेनल्टी कॉर्नरवर आणि 3 पेनल्टी स्ट्रोकवर. चालू खेळात मारलेला एकही नाही. पेनल्टी कॉर्नरला तो ड्रॅग फ्लिक मारतो, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत आणून जोरात भिरकावतो. ही मोठी कला आहे आणि भारताला पदक मिळालं त्यात तिचा वाटा मोठा. पण ही कला बचावाची नाही. समोरचा आघाडीवीर चेंडू घेऊन अंगावर आला तर हरमनप्रीत त्याला कसा अडवतो, याबद्दल 10 हा आकडा काहीच सांगत नाही. तो चांगला अडवतही असेल, पण ते बघायला दुसरीकडे बघावं लागेल.

गावोगावच्या स्पर्धांत हेच लहान प्रमाणात होतं. ज्या बॅकला कॉर्नर मारता येतो तो कागदावर चमकतो. त्याच्या शेजारी उभा राहून मार खाणारा दुसरा बॅक कुणाच्या लक्षात राहत नाही. जुना इतिहास काढला तरी तेच. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतानं 38 गोल केले आणि सगळ्या स्पर्धेत फक्त एक गोल खाल्ला. 38 म्हटलं की मेजर ध्यानचंद आठवतात. त्या एका गोलाचं श्रेय ज्यांचं, त्यातले गोलरक्षक रिचर्ड ॲलन आणि बॅक कार्लाइल टॅप्सेल ही नावं किती जणांनी ऐकलीत?

जे घडलंच नाही ते मोजायचं कसं

अडचण इथं आहे. आकडा घडलेल्या गोष्टीचा होतो. गोल झाला, लिहिला. कार्ड दिलं, लिहिलं. बचावपटूचं अर्धं काम मात्र एखादी गोष्ट घडू न देण्याचं असतं.

हॉकीत गोल मारायचा तर चेंडू समोरच्याच्या डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या 14.63 मीटरच्या अर्धगोलात न्यावा लागतो. बाहेरून मारलेला गोल धरतच नाहीत. म्हणून चांगला बॅक आघाडीवीराच्या अंगावर धावून जात नाही. तो तिरका उभा राहतो, स्टिक जमिनीला लावून ठेवतो आणि एकेक पाऊल मागे सरकत समोरच्याला कडेच्या रेषेकडे ढकलत नेतो. आघाडीवीराला डीकडे वाट दिसत नाही, तो वैतागून चेंडू मागे देतो. तेवढ्यात बाकीचा संघ परत येऊन जागा धरतो. या सगळ्यात टॅकल झालं नाही, चेंडू हिसकावला नाही. कागदावर शून्य. हल्ला मात्र मेला.

आता दुसरा बॅक बघा. तो चुकीच्या जागी उभा होता, आघाडीवीर बाजूनं निसटला, मग याने मागून पळत येऊन झेप घेतली आणि चेंडू बाहेर घालवला. लोक टाळ्या वाजवतात. टॅकल मोजणारा एक आकडा टाकतो. खरं तर पहिल्याला झेप घ्यायची वेळच आली नव्हती.

म्हणून नुसते टॅकल मोजून चालत नाही. ज्याच्या नावावर सगळ्यांत जास्त टॅकल, तो सगळ्यांत चांगला बॅक असेलच असं नाही. कधी कधी त्याचा अर्थ असा असतो की समोरच्या संघाला त्याची बाजू कच्ची वाटली आणि ते मुद्दाम तिकडूनच येत राहिले. खंबीर बॅकच्या बाजूला कुणी फिरकत नाही, मग त्याचे टॅकल कमीच होणार.

अमित रोहिदासची ती 17 मिनिटं

पॅरिसमधलाच आणखी एक खेळाडू या प्रश्नाचं उत्तम उदाहरण आहे. अमित रोहिदास, ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातला. बचावफळीतला खेळाडू आणि पेनल्टी कॉर्नर वाचवताना पहिला धावणारा, म्हणजे फर्स्ट रशर.

या कामाची कल्पना मैदानाबाहेर बसून येत नाही. पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचाव करणाऱ्या संघाचे गोलरक्षक धरून फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात. बाकीचे मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडे. चेंडू आत ढकलला की रशर सरळ फ्लिक मारणाऱ्याच्या दिशेनं सुटतो. समोरून येणारा चेंडू ताशी 100 किलोमीटरच्या आसपास असू शकतो. तोंडाला मास्क आणि पायाला पॅड बांधून तो त्या चेंडूच्या वाटेत शिरतो. गोलची एक बाजू तो झाकतो, दुसरी गोलरक्षक सांभाळतो. फ्लिक मारणारा त्याला अंगावर येताना बघून घाई करतो आणि चेंडू बाहेर जातो. कागदावर लिहितात, संधी हुकली. ती का हुकली ते कोण लिहिणार?

उलट, फ्लिक मारणाऱ्यापासून पाच मीटरच्या आत असताना रशरच्या गुडघ्याखाली चेंडू लागला, तर नियमाप्रमाणे समोरच्यांना आणखी एक पेनल्टी कॉर्नर मिळतो. गोल वाचवला, पायाला मार बसला आणि हिशेबात 'कॉर्नर दिला' म्हणून नाव मात्र त्याचंच लागलं. धाडस न करता मागेच राहिलेल्या खेळाडूच्या नावावर हा दोष कधी येत नाही.

4 ऑगस्ट 2024 रोजी उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनविरुद्ध 17 व्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड मिळालं. त्याची स्टिक समोरच्या खेळाडूच्या तोंडावर लागली, असं पंचांनी ठरवलं. त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. सामना 60 मिनिटांचा, म्हणजे उरलेली 43 मिनिटं भारत दहा जणांनी खेळला. हरमनप्रीतनं गोल केला, ब्रिटननं बरोबरी साधली, 1-1 वर वेळ संपली आणि शूटआउटमध्ये भारत 4-2 नं जिंकला. गोलरक्षक पी. आर. श्रीजेश त्या दिवसाचा नायक ठरला.

आता फक्त आकडे धरा. रोहिदास मैदानात होता तेव्हा 0-0. तो गेल्यावर 1-1. म्हणजे तो असला काय नि नसला काय, फरक शून्य! ज्यांनी तो सामना बघितला त्यांना विचारा. ती 43 मिनिटं भारताचे आघाडीवीरसुद्धा आपल्याच डीपाशी येऊन लढत होते. दहा जणांना अकरांची जागा भरावी लागली आणि त्यावर श्रीजेशनं कळस चढवला. गोलफलकावर यातलं काही उमटलं नाही.

रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. 6 ऑगस्टला तो नसताना भारत उपांत्य फेरीत जर्मनीकडून 3-2 नं हरला. 8 ऑगस्टला तो परतला आणि भारतानं स्पेनला 2-1 नं हरवून पदक घेतलं. हे वाचून लगेच कुणी म्हणेल, बघा, तो नव्हता म्हणून हरलो. तसंही सरळ म्हणता येत नाही. जर्मनी हा स्पेनपेक्षा वेगळा संघ, आणि जर्मनीचा एक गोल कॉर्नरवर, एक स्ट्रोकवर, एक चालू खेळात झाला. रोहिदास असता तर यातला कोणता वाचला असता, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. एकदोन सामन्यांच्या आकड्यांवरून बचावपटूला चढवूही नये आणि उतरवूही नये.

बर्फावरच्या हॉकीवाल्यांनी काय केलं

अमेरिका आणि कॅनडात बर्फावर स्केट घालून हॉकी खेळतात. तिथल्या व्यावसायिक लीगनं या प्रश्नावर बरीच डोकेफोड केली आहे. त्यांची जुनी युक्ती सोपी होती. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघानं गोल केला तर त्याला अधिक एक, गोल खाल्ला तर वजा एक. शेवटी बेरीज. बॉबी ऑर नावाच्या बचावपटूची 1970-71 च्या मोसमातली बेरीज अधिक 124 होती, तो विक्रम आजही कायम आहे.

पण या बेरजेत सगळेच मिसळतात. तुमचा गोलरक्षक दगडासारखा असेल तर तुमची बेरीज वर. आघाडीवीर लंगडे असतील तर खाली. दोन बॅक कायम जोडीनं खेळत असतील तर दोघांचा आकडा सारखाच, मग चांगला कोण आणि त्याच्या जिवावर तरलेला कोण?

2022-23 चं उदाहरण तर मजेशीर आहे. सॅन होजे संघाचा एरिक कार्लसन. बचावपटू असून त्यानं गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून 101 गुण मिळवले. त्याच मोसमात त्याची अधिक-वजा बेरीज होती वजा 26. आणि त्याच वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्यालाच मिळाला. एकाच माणसाचे दोन आकडे, एक आकाशाला टेकलेला, दुसरा जमिनीखाली. त्याचा संघ तळाशी होता, त्यामुळे वजा 26 चं सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडता येत नाही. पण 101 गुणांवरून तो दार राखतो की नाही हेही ठरत नाही.

पुढं तिथल्या हिशेबनीसांनी गोल सोडून गोलाच्या दिशेनं मारलेला प्रत्येक फटका मोजायला सुरुवात केली. आत गेलेला, अडवलेला, बाहेर गेलेला, सगळा. जिम कॉर्सी या गोलरक्षकांच्या प्रशिक्षकाच्या नावानं हा आकडा ओळखला जातो. कारण साधं आहे. गोल थोडे होतात, त्यात नशीब फार असतं. फटके खूप होतात, त्यामुळे त्यातून खेळ कुणाच्या बाजूला चालला होता ते लवकर कळतं. इथल्या मैदानावरही हा विचार लागू पडतो.

डोळेही फसवतात

तर मग आकडे सोडा आणि जाणकाराच्या नजरेवर भरवसा ठेवा, असं म्हणणारे प्रत्येक मैदानावर भेटतात. नजर लागतेच. पण नजरेचेही दोष आहेत आणि ते कमी नाहीत.

पहिला म्हणजे नजर चेंडूमागे पळते. चेंडू उजवीकडे असताना डावा बॅक कुठं उभा आहे, हे शंभरातले नव्वद जण बघत नाहीत. खरा बॅक मात्र तेव्हाच ओळखू येतो. दुसरं, शेवटची चूक डोक्यात राहते. 58 मिनिटं चोख खेळलेल्या मुलाचा पाय शेवटी घसरला तर घरी जाताना लोक तेवढंच बोलतात. उंच, दांडगा, आरडाओरडा करणारा मुलगा उगाच चांगला वाटतो. आणि एक गोष्ट गावात सगळ्यांना माहीत असते, पण मोठ्यानं कुणी बोलत नाही. बघणाऱ्याची नजर आपल्या शाळेच्या, आपल्या भावकीच्या, ओळखीच्या पोराकडे आपोआप वळते.

इथं आकड्याची किंमत कळते. वहीतल्या रेघोट्यांना आडनाव कळत नाही. वाडीवरून एकटी आलेली, कुणी पाठीशी नसलेली मुलगी निवडीत मागे पडली, तर तिच्या बाजूनं बोलायला निदान वहीचं एक पान तरी असावं.

मग वहीत लिहायचं काय

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. शाळेच्या शिक्षकाला किंवा बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूला हे जमतं. मैदानाचे डावी, मधली आणि उजवी असे तीन पट्टे धरायचे. समोरच्या संघानं चेंडू डीमध्ये नेला की तो ज्या पट्ट्यातून आला तिथं एक रेघ. त्या हल्ल्यातून गोलावर फटका किंवा पेनल्टी कॉर्नर झाला तर रेघेला गोल करायचा. त्या वेळी त्या पट्ट्यात बॅक कोण होतं त्याचं नाव लिहायचं. हॉकीत सामना चालू असताना कितीही वेळा बदली करता येते, म्हणून कोण किती मिनिटं खेळलं याची नोंद हवीच. नाहीतर 10 मिनिटं खेळलेला आणि 50 मिनिटं खेळलेला एकाच मापात मोजला जातो.

डीमध्ये शिरलेले हल्ले मोजायचे याचं कारण वर आलंच आहे. शालेय सामन्यात गोल एक किंवा दोन होतात, हल्ले बरेच होतात. पाच-सहा सामन्यांच्या रेघा जमल्या की कोणत्या बाजूनं गळती आहे ते दिसायला लागतं.

बॅकनं चेंडू काढून घेतल्यावर पुढं काय केलं, हेही वहीत यावं. चेंडू हिसकावून पुन्हा समोरच्याच्या स्टिकवर देणारा बॅक अर्धंच काम करतो. आणि डीमधल्या त्याच्या चुका, पायाला लागलेला चेंडू किंवा स्टिकवर मारलेली स्टिक, वेगळ्या लिहाव्यात. मुरमाच्या मैदानावर चेंडू कसाही उसळतो, तिथं पायाला लागणं हा दरवेळी खेळाडूचा दोष नसतो. लिहिणाऱ्यानं शेजारी 'उसळी' एवढं लिहिलं तरी पुरे. समोरचा संघ तगडा होता की लिंबूटिंबू, तेही.

यानंतर नजरेची पाळी. वही सांगेल की डाव्या बाजूनं हल्ले जास्त आले. का आले, ते वही सांगणार नाही. डाव्या बॅकची चूक होती, की त्याच्या पुढचा हाफ परत येतच नव्हता? हे बघायला सगळ्यात सोपं साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईल गोलच्या मागे, शाळेच्या गच्चीवर किंवा उंच ओट्यावर ठेवावा आणि एका जागी स्थिर धरावा. चेंडूमागे कॅमेरा फिरवला तर लोकांची नजर जी चूक करते, तीच व्हिडिओत उतरते.

रात्री तो व्हिडिओ लावून दहा मिनिटं फक्त एकाच बॅककडे बघावं, चेंडू कुठंही असो. चेंडू लांब असताना तो आत सरकतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? समोरचा आला की पाय तिरके ठेवतो की सरळ? शेजाऱ्याला ओरडून सांगतो का? आणि कुणी चकवून गेलंच तर वळून मागे पळतो, की पंचाकडे बघत राहतो? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका सामन्यात मिळतं आणि अनुभवी प्रशिक्षक बऱ्याचदा त्यावरच मत बनवतात.

वही आणि व्हिडिओ एकच सांगत असतील तर प्रश्न मिटला. वेगळं सांगत असतील, म्हणजे मुलगी दिसायला संथ वाटते पण तिच्या बाजूला रेघाच नाहीत, तर तिला लगेच बाद करू नये. पुढच्या सामन्यात तिची बाजू बदलून बघावी आणि समोर तगडा संघ असताना खेळवावं. रेघा तिच्याबरोबर दुसऱ्या बाजूलाही कमी झाल्या, तर निवड समितीपुढे वहीचं ते पान आणि दहा मिनिटांचा तो व्हिडिओ, दोन्ही ठेवता येतात.